रात्रीची कॅज्युअल्टी, तापाचा पेशंट: सीआरपी की प्रोकॅल्सिटोनिन?

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागात दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांपुढे हल्ली एक प्रश्न हटकून येतो. कॅज्युअल्टीसाठी छोटं मशीन घ्यायचं आहे. त्यावर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) होतोच, जादा पैसे घातले तर प्रोकॅल्सिटोनिनही (जिवाणूंचा संसर्ग ओळखायला मदत करणारी रक्तचाचणी) होतं. घ्यावं का? आणि घेतलंच, तर रात्री दोन वाजता हुडहुडी भरून आलेल्या पेशंटला नेमकं काय लावायचं? प्रश्न नातेवाइकांचाही आहे, कारण बिल तेच भरतात. माझं मत आधीच सांगतो. पहिल्या रात्री सीआरपी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं) पुरे. प्रोकॅल्सिटोनिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावं.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं. मग तो जंतूंमुळे असो, संधिवातामुळे, ऑपरेशनमुळे की हार्ट अटॅकमुळे. प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट वेगळी. एरवी ते थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन या हार्मोनचं कच्चं रूप म्हणून असतं आणि रक्तात जवळजवळ दिसत नाही. जिवाणूंचा संसर्ग शरीरभर पसरू लागला की थायरॉइडबाहेरच्या अनेक अवयवांतून ते रक्तात येतं. विषाणूच्या संसर्गात शरीर जे इंटरफेरॉन-गॅमा सोडतं, ते मात्र प्रोकॅल्सिटोनिन दाबून ठेवतं. १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी जिवाणू-संसर्गाशी त्याचा संबंध दाखवला आणि तेव्हापासून त्याची कीर्ती वाढत गेली. कागदावर पाहिलं तर प्रोकॅल्सिटोनिन सरस आहे, यात वाद नाही.

वेळेचा हिशेबही त्याच्याच बाजूने आहे. संसर्ग सुरू झाल्यावर तीन-सहा तासांत ते चढू लागतं आणि साधारण दिवसभरात शिखर गाठतं. सीआरपीला चढायला सहा ते बारा तास लागतात, शिखर दोन दिवसांनी. म्हणजे दुपारी ताप आलेला आणि संध्याकाळीच कॅज्युअल्टीत पोचलेला पेशंट सीआरपीत साफ सुटू शकतो. पण आपल्याकडे असे पेशंट किती? कणकुंबी-जांबोटीकडच्या खेड्यातून माणूस येतो तो बहुधा दोन-तीन दिवस गावातच गोळ्या-इंजेक्शन घेऊन, पावसात गाडी मिळेल तेव्हा. तोवर सीआरपीलाही चढायला भरपूर अवधी मिळालेला असतो. मोठ्या शहरातल्या पुस्तकी तुलनेत प्रोकॅल्सिटोनिनचा जो फायदा दिसतो, त्यातला बराचसा इथे रस्त्यातच संपतो.

शिवाय त्याच्या चुकाही आहेत. मोठी जखम, भाजणं, ऑपरेशन, उष्माघात, गंभीर मलेरिया, किडनी निकामी असणं, या सगळ्यांत जिवाणू नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन वाढतं. जन्मानंतर पहिले दोन दिवस तर निरोगी बाळातही ते चढलेलं असतं, त्यामुळे नवजात बाळाला मोठ्यांचा आकडा लावणं ही घोडचूक. उलट पू साठून एका जागी कोंडलेला असेल, क्षयरोग असेल किंवा मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूचा न्यूमोनिया असेल, तर ते कमी राहू शकतं आणि आपण गाफील राहतो. सीआरपीला गळू बऱ्यापैकी कळतं. लिव्हर पार खराब झालेल्या माणसात मात्र तो पुरेसा वाढत नाही, कारण तयार करणारा कारखानाच बसलेला असतो.

आकड्यांबद्दल एक कळकळीची सूचना. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. पहिल्यात ६० म्हणजे दुसऱ्यात ६. पेशंट एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवला जातो, निपाणीहून कोल्हापूरला किंवा खानापूरहून बेळगावला, तेव्हा चिठ्ठीवर नुसता आकडा लिहिलेला असतो आणि पुढचा डॉक्टर 'सीआरपी वाढतोय' किंवा 'उतरतोय' असा निष्कर्ष काढतो. एकक लिहिल्याशिवाय चिठ्ठी देऊ नका. नातेवाइकांनीही मूळ रिपोर्टच सोबत न्यावा.

आता मुख्य मुद्दा: प्रोकॅल्सिटोनिन पाहून अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे ठरवता येतं का? २००९ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'प्रोहॉस्प' अभ्यासात छातीचा संसर्ग झालेल्या १,३५९ रुग्णांवर हे करून पाहिलं. प्रोकॅल्सिटोनिन ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर अँटिबायोटिक टाळा, वर असेल तर द्या, असा नियम होता. अँटिबायोटिकचा वापर घटला आणि रुग्णांचं नुकसान वाढलं नाही. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १४ हॉस्पिटलांच्या 'प्रोॲक्ट' अभ्यासात १,६५६ रुग्णांवर तेच केलं, तर अँटिबायोटिकच्या दिवसांत फरकच पडला नाही. म्हणजे डॉक्टर नियम किती पाळतात आणि त्यांची आधीची सवय काय, यावर सगळं अवलंबून. न्यूमोनियाबद्दलची अमेरिकन मार्गदर्शक सूचना (२०१९) तर स्पष्ट सांगते की एक्स-रेत न्यूमोनिया दिसत असेल तर प्रोकॅल्सिटोनिन काहीही असो, अँटिबायोटिक सुरू करा. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव धोक्यात येण्याच्या) २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांचा सूरही तोच: सुरू करण्यासाठी या चाचणीवर विसंबू नका; थांबवण्यासाठी मात्र ती वापरा.

थांबवणं हेच तिचं खरं काम आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. औषध लागू पडलं तर प्रोकॅल्सिटोनिन दर दिवशी जवळपास निम्मं होतं. शिखरापेक्षा ८० टक्क्यांनी उतरलं किंवा ०.५ च्या खाली आलं आणि पेशंट सावरलेला दिसतोय, तर दहा दिवसांचं महागडं इंजेक्शन सहाव्या-सातव्या दिवशी बंद करण्याचं धैर्य येतं. त्यात पेशंटचे पैसे वाचतात आणि औषधाची धारही टिकते. ही चाचणी सीआरपीपेक्षा कित्येक पट महाग असली, तरी अशा पेशंटमध्ये एकदा आधी आणि एकदा नंतर केली तर ती आपला खर्च भरून काढते. नुसती पहिल्या रात्री करून फाइलला लावून ठेवली तर पैसे वाया.

आपल्या भागातल्या तापांकडे पाहिलं तर आणखी एक अडचण दिसते. जिवाणू की विषाणू, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर मिळून इथे भागत नाही. भाताच्या रोप लावणीनंतर किंवा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पूर येऊन गेल्यावर लेप्टोस्पायरोसिस डोक्यात ठेवावाच लागतो. पावसाळ्याच्या शेवटी गवत-झुडपांत वावरणाऱ्या माणसाला ताप असेल तर स्क्रब टायफस आठवावा. हे दोन्ही जिवाणूंचेच आजार, सीआरपी-प्रोकॅल्सिटोनिन दोन्ही वाढवू शकणारे. पण आकडा वाढला म्हणून सवयीने सेफ्ट्रिॲक्सोन दिलं, तर लेप्टो आटोक्यात येईल आणि स्क्रब टायफस तसाच राहील, कारण त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लागतं. इथे कोणत्याही मशीनपेक्षा कपडे काढून काखेत, जांघेत, कमरेपाशी स्क्रब टायफसची काळी खपली शोधणं जास्त उपयोगी, आणि ते फुकट आहे.

माकडतापाचंही तसंच. २०१६ मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात काजूच्या बागांत कामाला गेलेल्या आपल्याकडच्या मजुरांमध्ये तो आढळला होता. हा विषाणूचा ताप; पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात, डेंग्यूसारखंच. जानेवारी ते मे दरम्यान जंगलातून किंवा काजूच्या कामावरून आलेल्या माणसाच्या बाबतीत 'कुठे कामाला होतास?' हा प्रश्न सीआरपीच्या आधी यायला हवा.

आणि विडाल! ताप आला की विडाल (टायफॉइडसाठीची रक्तचाचणी), ही सवय सीमाभागात खोल रुजली आहे. पहिल्या आठवड्यात ती बहुधा निगेटिव्ह येते, आणि जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे उगाचच पॉझिटिव्हही येते. तेवढेच पैसे ब्लड कल्चरला घाला. अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलि रक्त. टायफॉइडमध्येही ते निम्म्या-अधिक वेळाच पकडतं, पण पकडलं की कोणतं औषध चालेल हेही सांगतं. ते ना सीआरपी सांगतो, ना प्रोकॅल्सिटोनिन.

सीबीसीबद्दल थोडक्यात: पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर म्हणजे जिवाणू, हे समीकरण कच्चं आहे. टायफॉइडमध्ये त्या नॉर्मल किंवा कमीच असतात आणि स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन बाहेर घेऊन आलेल्या माणसात त्या कारण नसताना चढतात.

बीपी पडलंय, श्वास भरभर चाललाय, माणूस बरळतोय, अशा वेळी कोणत्याच आकड्याची वाट पाहू नये. सेप्टिक शॉकमध्ये कल्चर काढून एका तासाच्या आत अँटिबायोटिक गेलं पाहिजे. तिथे एखादी चाचणी उपयोगी पडते ती लॅक्टेटची, आणि तीही जिवाणू ओळखायला नाही, पेशंट किती खोलात गेलाय हे कळायला. दोन मिलिमोल प्रति लिटरच्या वर असेल तर सावध, चारच्या वर असेल तर आयसीयू असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला लगेच फोन.

मशीन घेताना माझं गणित असं. महिन्याला तापाचे भरपूर पेशंट पण गंभीर थोडे, आयसीयू नाही, तर बोटाच्या थेंबावर चालणारं सीआरपीचं साधं मशीन घ्या आणि प्रोकॅल्सिटोनिनचा नमुना गरज पडेल तेव्हा बेळगाव किंवा कोल्हापूरच्या लॅबला पाठवा. सेप्सिसचे पेशंट तुमच्याकडेच आठवडा-आठवडा राहत असतील, तर दोन्ही घ्या. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: किटची मुदत किती, ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं का, आणि कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का हे पाहायचे, आकडा आधीच माहीत असलेले नमुने) किती दिवसांनी चालवायचे. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट जाते तेव्हा तापमानाबाहेर गेलेलं किट चुकीचा आकडा देऊ शकतं, आणि तो आकडा बरोबर असल्यासारखाच स्क्रीनवर उमटतो.