अपाची डेव्हलेक: काम कुठे पडून राहतं ते दाखवणारं साधन

डेव्हलपरचं काम मोजायचं म्हटलं की कोडच्या ओळी, कमिट (कोडमधल्या बदलाची एकेक नोंद) आणि बंद केलेली तिकिटं मोजली जातात. हे आकडे काढणं सोपं, फुगवणंही तितकंच सोपं: एकच बदल चार कमिटांत टाकला की आकडा चौपट. डेव्हलेक पाहतं ते वेगळं. बदल लिहायला घेतल्यापासून प्रोडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या प्रणालीवर) जाईपर्यंत किती वेळ लागला आणि त्यातला किती वेळ तो नुसता पडून होता. साधन मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आपल्याच सर्व्हरवर चालतं. ग्राहकाच्या करारामुळे रिपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) माहिती बाहेर देता येत नाही, अशा कंपन्यांसाठी हा फार मोठा फायदा आहे.

बसवायला अवघड नाही. डॉकर कंपोझची (कंटेनर एकत्र सुरू करणारी) फाइल आणि नमुना एन्व्ह (सेटिंगची) फाइल उतरवायची, एन्क्रिप्शन सीक्रेट म्हणजे गुप्त किल्ली तयार करून त्यात भरायचं आणि कंटेनर सुरू करायचे. गिटहबसारख्या साधनांशी जोडण्यांचं पान ४००० पोर्टवर, ग्राफानाचे (आलेख दाखवणाऱ्या साधनाचे) डॅशबोर्ड ३००२ वर. ते सीक्रेट मात्र वेगळीकडे जपून ठेवा. हरवलं तर साठवलेली टोकन (त्या साधनांत शिरायचे परवाने) उलगडत नाहीत आणि सगळ्या जोडण्या पुन्हा कराव्या लागतात. सुरुवातीला सहा महिन्यांचीच माहिती ओढा. गिटहब (कोड ठेवायची सेवा) एका वापरकर्त्याला तासाला ५,००० विनंत्या देतं, त्यामुळे जुनी रिपॉझिटरी असेल तर पहिली फेरी बरीच लांबते. एकापेक्षा जास्त टोकन देता येतात, पण ती वेगवेगळ्या खात्यांची हवीत. एकाच खात्याची दोन टोकन तीच मर्यादा वाटून घेतात.

आकडे बिघडतात ते स्कोप कॉन्फिगमध्ये (काय कसं मोजायचं त्याच्या सेटिंगमध्ये). कुठला जॉब म्हणजे डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवणं), हे तिथे रेजेक्सने (नाव जुळवायच्या नमुन्याने) सांगायचं असतं. नुसतं ‘डिप्लॉय’ लिहिलं तर प्रिव्ह्यूचे जॉबही त्यात सापडतात. प्रोडक्शनची चौकट रिकामी सोडली तर प्रत्येक डिप्लॉयमेंट प्रोडक्शनची धरली जाते. स्टेजिंगवरची (चाचणीच्या सर्व्हरवरची) वर्दळ मग उत्तम कामगिरी म्हणून झळकते. रेजेक्स बदलल्यावर जुनी माहिती पुन्हा प्रक्रियेतून काढायला विसरू नका.

या साधनाचं खरं मोल लीड टाइमच्या, म्हणजे बदलाला लागलेल्या एकूण वेळेच्या, फोडीत आहे. पहिल्या कमिटपासून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) उघडेपर्यंत कोडिंग, तिथून पहिल्या रिव्ह्यूपर्यंत पिकअप, मग मर्जपर्यंत (बदल मुख्य कोडमध्ये मिसळेपर्यंत) रिव्ह्यू आणि शेवटी प्रोडक्शनपर्यंत डिप्लॉय. कोडिंगला एक दिवस आणि पिकअपला तीन दिवस दिसले, तर डेव्हलपरला घाई करायला सांगून काही होणार नाही. रिव्ह्यूची वेळ राखून ठेवायला हवी, पुल रिक्वेस्ट लहान करायला हव्यात. रिव्ह्यूनंतर चार दिवस जात असतील तर दोष रिलीजच्या पद्धतीत आहे. अशी नेमकी जागा दाखवणारं मोफत साधन हाताशी असणं ही मोठी सोय आहे.

तरी काही आकडे तपासूनच घ्यावेत. पुल रिक्वेस्ट उघडताच बॉट टिप्पणी टाकत असेल तर तीच पहिला रिव्ह्यू म्हणून मोजली जाऊ शकते आणि पिकअप दोन मिनिटांचा दिसतो. जुन्या शाखेतला कमिट चेरी-पिक केला (तेवढाच उचलून आणला) की त्याची मूळ तारीख सोबत येते, कोडिंगचा वेळ महिनाभर फुगतो. शनिवार-रविवार वजा होत नाहीत. डिप्लॉयमेंट वेबहुकने (आपोआप जाणाऱ्या संदेशाने) कळवत असाल तर कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) बरोबर पाठवा. लागोपाठच्या दोन डिप्लॉयमेंटमधले कमिट ताडूनच पुल रिक्वेस्ट जोडली जाते. हॅश चुकला तर लीड टाइमचा रकाना रिकामा राहतो.

चेंज फेल्युअर रेट (किती डिप्लॉयमेंटमुळे बिघाड झाला) ही सर्वांत कच्ची बाजू. इन्सिडेंट (बिघाडाची घटना) आणि डिप्लॉयमेंट यांचं नातं इथे फक्त वेळेवरून ठरतं: इन्सिडेंटच्या लगेच आधी झालेली, त्याच प्रोजेक्टमधली डिप्लॉयमेंट दोषी. एका प्रोजेक्टमध्ये पाच सेवा कोंबल्या की पेमेंटचा बिघाड सर्चच्या डिप्लॉयमेंटवर चिकटतो. म्हणून प्रोजेक्ट सेवेनुसार वेगळे करावेत. जिरामधले (तिकिटं ठेवायच्या साधनातले) सगळे बग ‘इन्सिडेंट’ म्हणून जोडू नयेत, ग्राहकाला झळ बसली तेवढेच घ्यावेत.

डोरा (बदल किती वेगाने आणि भरवशाने पोचतात ते मोजणारे मापदंड) डॅशबोर्डवर एलिट ते लो अशा श्रेणी दिसतात. डिप्लॉयमेंटची वारंवारता दिवसांवर मोजलेली असते, त्यामुळे एका दिवसातल्या सहा डिप्लॉयमेंट म्हणजे एकच दिवस. दोन टीमची तुलना करण्यापेक्षा एकाच टीमचे तीन महिन्यांचे मध्यक बघितलेले बरे.

लोक थकलेत का, कोडमध्ये हात घालायला घाबरतात का, हे यातून कळत नाही. २०२१ मध्ये निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या स्पेस चौकटीत (डेव्हलपरची उत्पादकता पाहायच्या चौकटीत) समाधान हे पहिलं अंग आहे, आणि त्यासाठी माणसांनाच विचारावं लागतं. तिमाहीला पाच-सहा प्रश्नांची निनावी पाहणी या डॅशबोर्डच्या जोडीला ठेवा. आणि व्यक्तिनिहाय पॅनेल अप्रेझलच्या बैठकीत उघडू नका. एकदा तसं झालं की पुढच्या स्प्रिंटपासून (कामाच्या ठरावीक फेरीपासून) इन्सिडेंटची नोंदच कमी होऊ लागते.

दहा-बारा जणांची, एकच सेवा सांभाळणारी टीम असेल तर एवढा पसारा नको. पुल रिक्वेस्टची यादी आठवड्यातून एकदा एकत्र बसून पाहिली तरी काम भागतं. चार-पाच टीम, गिटलॅब किंवा गिटहब, जिरा आणि जेनकिन्स (जॉब आपोआप चालवणारं साधन) असा गोतावळा असेल, आणि रेजेक्स व इन्सिडेंटची व्याख्या सांभाळायला एक माणूस आठवड्यातले काही तास देणार असेल, तर डेव्हलेक नक्की बसवावं.