ला पाझ: मित्राच्या बोटीवर मुक्काम की गावात खोली?

मेक्सिकोत ला पाझला शिडाची बोट घेऊन राहणाऱ्या मित्राकडे कोल्हापुरातून दोन जोडपी निघाली, की आधी ठरवावं लागतं ते हे: आठही रात्री बोटीवर काढायच्या, की गावात खोली घेऊन मधल्या दोन-तीनच? बोटीवर पैसे वाचतात, यजमानही आग्रह करतो. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खोली घ्यावी, असंच आम्ही सांगू. मोठं कारण पाणी.

ला पाझला वर्षभरात पाऊस होतो जेमतेम 200 मिलिमीटर. गगनबावड्यात जुलैतला एखादा दिवसच तेवढा देऊन जातो. 40 फुटी बोटीची टाकी साधारण 300 लिटरची. यजमान जोडपं धरून सहा माणसं डोई 8 लिटरवर राहिली तर ती सहा दिवस पुरते. घरच्यासारखी बादलीभर अंघोळ आणि दात घासताना चालू नळ, म्हणजे डोई 30 लिटर. दुसऱ्या संध्याकाळी टाकी कोरडी. खारं पाणी गोडं करणारं लहान यंत्र ताशी 25-30 लिटर देतं, पण बॅटरी खातं आणि बंदरात चालवायचं नसतं, कारण तेलकट पाण्याने त्याचा पडदा निकामी होतो. म्हणून समुद्रात डुंबायचं आणि वर येऊन दोन लिटर गोड्या पाण्याने अंगावरचं मीठ उतरवायचं. तीन दिवस हे मजेत जमतं. आठ दिवस सगळ्यांना जमेलच असं नाही.

संडास एकच, हातपंपाचा. कागदही आत टाकायचा नाही. पाहुणे चार-पाच हिसके मारून थांबतात, मैला नळीतच राहतो आणि पुढे तुंबतो. 15-20 हिसके हवेत. दुसऱ्या जोडप्याला झोपायला जेवणाचं टेबल खाली उतरवून पलंग करावा लागतो, रोज रात्री.

तांबडा-पांढरा रस्सा खोलीला स्वयंपाकघर असेल तर तिथे करा. बोटीवर तेलकट भांडी धुण्यातच पाणी संपतं. ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कुकरमधली खिचडी तिथे सोयीची.

मोसमही निवड बदलतो. नोव्हेंबरात पाणी पोहण्याजोगं उबदार असतं, पण उत्तरेचा वारा सुरू झाला की दोन-तीन दिवस 20-25 नॉटने (ताशी सुमारे 37-46 किलोमीटर) वाहतो आणि आखूड, उभ्या लाटा उठवतो. मेमध्ये कोरोमुएल हा नैर्ऋत्येचा वारा रात्री सुटतो. पश्चिमेला उघड्या खाडीत नांगरलेली बोट पहाटेपर्यंत डोलते. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचा काळ, तेव्हा जाऊच नका. देवमाशी शार्क (व्हेल शार्क) ऑक्टोबर ते एप्रिल ला पाझच्या उपसागरातच दिसतात, परवानाधारक बोटीतून. त्यासाठी मित्राची बोट लागत नाही. लोस इस्लोतेस या खडकांवरचे समुद्रसिंह मात्र एस्पिरितू सान्तो बेटाच्या उत्तर टोकाला. बंदरापासून तिकडच्या खाडीपर्यंत चार-पाच तास, म्हणून तिथल्या रात्री बोटीवरच काढाव्यात, त्या खरोखर मोलाच्या. जून ते ऑगस्ट समुद्रसिंहांच्या विणीमुळे तिथे पोहणं बंद असतं.

आठही रात्री बोटीवर हव्याच असतील तर एकच जोडपं जा, पोहता येणारं, बोट न लागणारं. चाकांची सुटकेस नको, ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी पिशवी न्या.

पर्याय कोणताही घ्या, बोटीवर चढण्याआधीच्या दोन रात्री गावातच: साडेबारा तासांचा वेळेचा फरक अंगावर असताना बोट जास्त लागते. आणि बेटावरून परतायचा दिवस व विमान यांत दोन दिवस मोकळे ठेवा. उत्तरेचा वारा लागला तर यजमान नांगर उचलणार नाही, आणि उचलूही नये.