‘हॅमस्ट्रिंग स्पेशल’च्या नावाखाली पंधरा हजारांना चुना

सांगलीत विश्रामबागेतल्या एका पोराची मांडी पुढून भरलेली, मागून सपाट, म्हणजे मांडीमागचे स्नायू (हॅमस्ट्रिंग) कच्चे. जिमवाल्यानं ‘स्पेशल पॅकेज’ गळ्यात मारलं: तीन महिने, 15,000 रुपये रोख, पावती नाही. आठवड्यात 5 दिवस, रोज लेग कर्लचे (मशीनवर गुडघा वाकवून टाच मागं ओढायची) 6 सेट. सोबत सप्लिमेंटचा बिनलेबलचा डबा.

शेवटी टेप लावली तर दीड इंच वाढ! खरी मेख इथंच. पहिलं माप सकाळी अनशापोटी घेतलेलं, दुसरं व्यायाम संपल्या संपल्या, स्नायू रक्तानं फुगलेले (पंप) असताना. त्यातून टेप अख्ख्या मांडीला फिरते, मागचं किती वाढलं ते ती सांगतच नाही. खरा हिशेब वहीत होता. कर्लचं वजन पहिल्या दिवशी 25 किलो, शेवटच्या दिवशीही 25.

आठवड्याला एकाच मशीनवर 30 सेट मारले की स्नायू भरून यायला सवडच मिळत नाही. शिवाय नुसत्या कर्लनं भागत नाही, तसंच तालमीतल्या बैठकांनी किंवा स्क्वॉटनंही नाही. बैठकीत गुडघा आणि खुबा एकदमच वाकतात, त्यामुळे हॅमस्ट्रिंगची लांबी फारशी बदलत नाही. भार पुढच्या मांडीवर आणि ढुंगणावर जातो. खुब्यातून ताण द्यायचा तर रोमानियन डेडलिफ्ट हवी, म्हणजे हातात बार धरून खुब्यातून पुढं वाकायचं आणि परत उभं राहायचं. पण हॅमस्ट्रिंगचा एक छोटा भाग फक्त गुडघ्यावरून जातो, खुब्याशी त्याचा संबंधच नाही. त्याला कर्लच लागतो. म्हणून दोन्ही.

आधी डेडलिफ्ट, 6 ते 10 रेप्सचे (आवर्तनांचे) 3 सेट. गुडघे किंचित वाकलेले, बार पायाला घासत खाली, पाठ गोल व्हायच्या आत थांबायचं. मध्ये 2-3 मिनिटं विश्रांती. मग बसून करायचा लेग कर्ल, 10 ते 15 चे 3 सेट, वजन सोडताना 3 सेकंद. बसून खुबा वाकलेला असतो, ताण जास्त बसतो. उलट क्रम नको. थकलेल्या मांडीनं डेडलिफ्ट केली की ताण कंबरेवर येतो. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. सगळ्या सेटमध्ये वरचा आकडा गाठला की डेडलिफ्टला अडीच किलो वाढवा, कर्लला मशीनची पुढची प्लेट.

डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि बिल नसेल तर झाकणही उघडू नका. पैसे यूपीआयनंच द्या, पॅकेजमध्ये काय काय ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रोखीच्या व्यवहारात 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला तरी दाखवायला हातात काही उरत नाही.