नागपूर–पुणे स्लीपर बस: गादी चांगली, मागचे दार बंद

दिवाळीनंतर बैद्यनाथ चौकातून एका खासगी ट्रॅव्हल्सच्या वातानुकूलित स्लीपर बसने पुण्याला गेलो. खासगी बसचे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे, असे राज्य शासनाने २०१८ मध्येच ठरवून दिले आहे; माझे तिकीट त्या मर्यादेच्या बरेच पुढे गेले होते.

सहाची बस सात वाजून दहा मिनिटांनी हलली. त्यानंतर रहाटे कॉलनी आणि छत्रपती चौक या दोन्ही ठिकाणी प्रवासी मोजकेच चढले, संत्र्यांच्या पेट्या मात्र भरपूर चढल्या. समृद्धी महामार्गाला लागेपर्यंत साडेआठ झाले.

बर्थ स्वच्छ होता, चादर धुतलेली होती, चालकाने वेग आवरता ठेवला होता आणि मध्यरात्री दुसऱ्या चालकाने गाडी घेतली, हे सारे मान्य करावेच लागेल. जेवणाचा थांबा रात्री अकरानंतर मिळाला. तोवर समोरच्या बर्थवरील आजींनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. स्वच्छतागृह कधी मिळेल याचा भरवसा नसला की बायका तहान मारतात, हे या मार्गावर नवे नाही.

माझी खरी तक्रार मागच्या आपत्कालीन दाराविषयी आहे. डिक्कीत न मावलेल्या पेट्या त्या दारापाशी छतापर्यंत रचल्या होत्या आणि माझ्या खिडकीजवळ काच फोडण्याच्या हातोडीचा नुसता रिकामा खाचा होता. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दाराच्या बाजूवर उलटली, पेटली आणि त्यात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला; वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडूनच बाहेर पडले होते. वातानुकूलित स्लीपरच्या काचा उघडत नाहीत आणि दोन्हीकडच्या बर्थमधली वाट एका माणसापुरतीच असते. तेव्हा मागचे दार अडवणे म्हणजे गैरसोय नव्हे, धोका आहे.

क्लीनरला पेट्या हलवायला सांगितले, तर तो म्हणाला, “काकाजी, संभाजीनगरले उतरतेत ना त्या.” म्हणजे जवळजवळ सगळी रात्र त्या तिथेच राहणार होत्या. बरीच हुज्जत घातल्यावर त्याने चालकाच्या केबिनमधून एक हातोडी आणून दिली. ती पुण्यापर्यंत माझ्या उशाशी होती.