मुलीचा वाढता नंबर आणि दुहेरी फोकसच्या लेन्स: वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

मुलांचा मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सविषयी लिहिताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी: या लेन्स नंबर घालवत नाहीत. आमची मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही त्या सुरू केल्या. आज तिचा नंबर तेव्हापेक्षा किंचित जास्तच आहे, आणि तरीही मी या उपायावर पूर्ण समाधानी आहे. आम्ही गोव्यात माशेलला राहतो. लहान मुलीच्या डोळ्यांत लेन्स म्हटल्यावर नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आम्ही हा निर्णय कशाच्या आधारावर घेतला आणि तो इथल्या हवापाण्यात कसा निभावला, हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या यजमानांचा नंबर उणे आठच्या पुढे आहे आणि दृष्टिपटलाला पडलेल्या बारीक छिद्रासाठी त्यांना लेसर करून घ्यावे लागले होते. मुलीला दुसरीत चष्मा लागला आणि पुढे दर वर्षी जवळजवळ एक नंबर वाढू लागला, तेव्हा आम्हाला काळजी चष्म्याच्या जाड काचांची वाटत नव्हती. अशा मुलांच्या डोळ्याचा गोळा प्रमाणापेक्षा जास्त लांब होत जातो, मागचे दृष्टिपटल ताणले जाते, आणि पुढे ते निसटण्याचा, काचबिंदूचा किंवा मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, खराब होण्याचा धोका वाढतो. नंबर एका डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर मोजायचे एकक) जरी कमी राहिला तरी मॅक्युलाच्या या विकाराची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात काढलेला आहे. म्हणजे नंबर उणे सहावर थांबण्याऐवजी उणे चारवर थांबला, तर तो फरक तिला पन्नाशीत उपयोगी पडणार आहे.

साध्या चष्म्याने मधले चित्र दृष्टिपटलावर नेमके पडते, पण कडेचे चित्र बऱ्याचदा त्याच्या मागे पडते, आणि वाढत्या डोळ्याला तो आणखी लांब होण्याचा इशारा ठरतो, असे मानले जाते. दुहेरी फोकसच्या लेन्समध्ये मध्यभागी मुलाचा नेहमीचा नंबर असतो आणि त्याभोवती एकाआड एक अशी वर्तुळे असतात, ज्यांपैकी काहींतून येणारा प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडे एकवटतो. मूल मधल्या भागातून स्वच्छ पाहते आणि त्याच वेळी डोळ्याला वाढ आवरण्याचा संदेश मिळत राहतो. या प्रकारातल्या मायसाइट या रोज बदलायच्या लेन्सला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली, ती आठ ते बारा या वयात सुरुवात करणाऱ्या मुलांसाठी. ज्या अभ्यासावर ती आधारलेली होती, त्यात साधी लेन्स वापरणाऱ्या मुलांचा नंबर तीन वर्षांत सरासरी १.२४ ने वाढला, तर दुहेरी फोकसवाल्यांचा ०.५१ ने, डोळ्याची लांबी अनुक्रमे ०.६२ आणि ०.३० मिलिमीटर वाढली. हे आकडे सरासरीचे आहेत आणि प्रत्येक मुलाला सारखा लाभ होईल असे कोणीही सांगू शकत नाही, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. सिलिंडर नंबर जास्त असलेल्या मुलांना ही लेन्स सहसा देत नाहीत, हेही त्यांच्याकडूनच कळले.

पर्याय आम्ही पाहिले नाहीत असे नाही. रात्री झोपताना घालायच्या कडक लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि दिवसभर काहीच घालावे लागत नाही, पण बंद पापणीखाली रात्रभर लेन्स राहिली तर संसर्गाचा धोका वाढतो, आणि त्या लेन्सची रोजची धुलाई व निगा आमच्या घरी काटेकोरपणे होईल याची मला खात्री नव्हती. नंबरवाढ मंदावणाऱ्या कमी मात्रेच्या ॲट्रोपिन या औषधाचे थेंब आम्ही पुढच्यासाठी राखून ठेवले आहेत. कडेच्या भागात सूक्ष्म भिंगे बसवलेले चष्मेही मिळतात आणि त्यांचे निष्कर्षही चांगले आहेत. जे मूल लेन्सला तयार नसेल, त्याच्यासाठी मी तोच पर्याय सुचवीन. आमची मुलगी शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते आणि जून ते सप्टेंबर गोव्यातल्या पावसात चष्म्याच्या काचा पुसतच तिचा खेळ चालत असे, म्हणून तिने स्वतःच लेन्स निवडली. मुलाची स्वतःची इच्छा हा यातला सर्वांत मोठा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिकायला वेळ लागतो आणि तो द्यावा. हात साबणाने धुऊन तंतू न सुटणाऱ्या कागदाने पूर्ण कोरडे करायचे, लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून उजेडाकडे धरायची आणि कड बघायची: लेन्स सुलट असेल तर ती वाटीसारखी उभी राहते, उलटी असेल तर कड बशीसारखी बाहेर झुकते. मग मधल्या बोटाने खालची पापणी ओढून, वर बघत, न घाबरता ती टेकवायची. सुरुवातीला मुलीच्या पापण्या आपोआप मिटत आणि लेन्स गालावर चिकटे. आम्ही शाळेच्या घाईत ही शिकवणी ठेवली नाही, रविवारी दुपारी शांतपणे करून घेतली. काढायची कशी हे नीट जमल्याशिवाय मुलाला लेन्स घालून बाहेर पाठवू नये. घालण्यापेक्षा काढण्याची भीती मुलांना जास्त वाटते.

पहिले काही आठवडे ती संध्याकाळी म्हणायची, "आई, रस्त्यावरच्या दिव्याला कडं दिसतं." फळ्यावरच्या अक्षरांना फिकट सावली आहे, असेही तिने सांगितले. या रचनेत हे अपेक्षित असते आणि डोळ्यांना हळूहळू त्याची सवय होते. आता ती तक्रार करत नाही, मात्र रात्रीच्या अंधाऱ्या रस्त्यावर स्कूटरवरून जाताना कडी अजूनही जाणवतात, एवढे ती सांगते. लाभ हवा असेल तर दिवसाला निदान दहा तास आणि आठवड्यातून सहा दिवस लेन्स डोळ्यांत असायला हवी, हे लक्षात ठेवले पाहिजे. केवळ सणासमारंभाला घालायची ही वस्तू नव्हे.

आता पाण्याविषयी, कारण गोव्यात हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. विहीर, तळे, नदी, एवढेच नव्हे तर नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाचा अत्यंत वेदनादायक व हट्टी संसर्ग होतो. आमच्या घरी नियम असा की लेन्स पाण्याने कधीच धुवायची नाही, लेन्स घालून आंघोळ किंवा पोहणे नाही, आणि झोप आली तर आधी लेन्स काढायची. सांजावच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी मुले विहिरीत उड्या घेतात, तेव्हा लेन्स घरी राहते. आषाढातल्या चिखलकाल्याला तर देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात आमचा सगळा गाव अंगाला तेल चोपडून चिखलात लोळतो. तिने त्यातही भाग घ्यावा असे मला मनापासून वाटते, म्हणून त्या दिवशी ती लेन्सही घालत नाही आणि चष्माही नाही, आणि चुलत भावंडांचा हात धरून मैदानात उतरते. शिगम्याच्या गुलालाला आणि चतुर्थीच्या फटाक्यांच्या धुराला हाच नियम. पावसाळ्यात वर्गात डोळे येण्याची साथ आली, की डोळा जराही लाल दिसल्यास लेन्स बंद करून डॉक्टरांकडे जायचे. एवढे सारे धरूनही आठवड्यातले सहा दिवस सहज भरतात.

खर्च मात्र मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज एक जोडी टाकून द्यायची असल्याने वर्षाची बेरीज साध्या चष्म्याच्या कितीतरी पट होते आणि ती अनेक वर्षे चालू ठेवावी लागते. शिवाय दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर दुकानात हवी ती पॉवर मिळेलच असे नाही. एकदा मागवलेले खोके वेळेवर आले नाही आणि मुलीला बरेच दिवस साध्या चष्म्यावर काढावे लागले. तेव्हापासून महिन्याभराचा साठा घरात असतो.

लेन्सने मुलाला छान दिसते, एवढ्यावर उपचार लागू पडला असे ठरवू नये, कारण छान तर साध्या चष्म्यानेही दिसते. पाहायची असते ती डोळ्याची लांबी, आणि तीही शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर मोजलेली. नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच तपासून घ्यावा. आमच्या मुलीच्या उजव्या डोळ्याची लांबी पहिल्या वर्षात २४.१२ वरून २४.२३ मिलिमीटर झाली, डाव्याची थोडी अधिक वाढली, आणि नंबर पाव डायॉप्टरने सरकला. वय वाढेल तसा हा वेग थोडा आपोआपही मंदावतो, म्हणून सगळे श्रेय मी लेन्सला देत नाही; पण आधीच्या वर्षांशी तुलना केली तर फरक मोठा आहे.

लेन्सबरोबर आम्ही रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळण्याचाही आग्रह धरला आहे. चीनमधल्या ग्वांगझू येथील शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने नंबर लागणाऱ्यांचे प्रमाण तिथे ३०.४ टक्के राहिले, तर असा बदल न केलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. ज्यांना अजून चष्मा लागलेला नाही, त्यांना याचा उपयोग सर्वांत जास्त होतो, म्हणून तिच्या पाच वर्षांच्या भावाला मी रोज संध्याकाळी अंगणात पिटाळते.

लेन्स बंद केल्यावर नंबर उसळी मारतो का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. अमेरिकेतल्या ब्लिंक या मुलांच्या नंबरवाढीवरच्या अभ्यासात मुलांच्या मल्टिफोकल (एकाहून अधिक फोकसच्या) लेन्स काढून साध्या लेन्स दिल्या, तेव्हा आधी मिळालेला लाभ टिकून राहिला आणि डोळ्याची वाढ त्या वयाला साजेशीच होत राहिली. आमच्या मुलीचे सोळावे-सतरावे वर्ष उलटेपर्यंत तरी लेन्स चालू ठेवण्याचा आमचा विचार आहे. पुढच्या मोजणीत एखाद्या डोळ्याची वार्षिक वाढ ०.२ मिलिमीटरच्या पुढे गेली, तर लेन्सच्या जोडीला रात्री ॲट्रोपिनचे थेंब सुरू करायचे, असे डॉक्टरांशी बोलून ठरवून ठेवले आहे.