सेनेका लोकांवरचं वॉलेसचं पुस्तक: घ्या, पण घाई करू नका

अँथनी वॉलेसचं 'द डेथ अँड रिबर्थ ऑफ द सेनेका' वाचून झालं एकदाचं. आधी डिलिव्हरीचं सांगून टाकतो, फोंड्याला ऐन पावसात पार्सल आलं आणि विक्रेत्याने साधी प्लास्टिकची पिशवीपण घातली नव्हती, कव्हर फुगलेलं. एक स्टार तिथे गेला, बाकीचे सगळे पुस्तकाला.

सेनेका म्हणजे आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडचे मूळनिवासी, इरोक्वा संघात सहा राष्ट्रं, त्यातले हे सगळ्यात पश्चिमेचे म्हणून 'पश्चिम दाराचे राखणदार'. पहिला भाग त्यांच्या चांगल्या दिवसांचा. कूळ आईकडून चालायचं, सरदार कोण ते कुळातल्या ज्येष्ठ बायका ठरवणार आणि नालायक निघाला तर काढणार पण त्याच. स्वप्नांचा भाग तर भन्नाट आहे, स्वप्नात जे दिसतं ती आत्म्याची मागणी, ती पुरी नाही केली तर माणूस आजारी पडतो, म्हणून हिवाळ्यातल्या उत्सवात लोक एकमेकांची स्वप्नं ओळखायचे.

मग सगळं कोसळतं. 1779 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने जनरल सलिव्हनला सेनेकांवर पाठवलं, चाळीसेक गावं जाळली, मक्याची शेतं गेली, फळझाडं तोडली आणि माणसं नायगारा किल्ल्याभोवती थंडीत उपाशी. 1797 च्या बिग ट्री करारात उरलेली बहुतेक जमीन 1 लाख डॉलरला गेली. सरदारांना वेगळे पैसे चारले होते हे सांगायला नकोच. तुटक तुटक वस्त्या, दारू, भांडणं, चेटकाचे आरोप. हा भाग वाचताना कंटाळा येतो असं बरेच जण म्हणतील पण तो सोडला तर पुढचं काही कळणार नाही.

कारण पुढे येतो हँडसम लेक. कॉर्नप्लांटर सरदाराचा सावत्र भाऊ, दारूने अंथरुणाला खिळलेला. जून 1799 मध्ये तो मेल्यासारखा पडला, घरच्यांना वाटलं संपला, आणि शुद्धीवर येऊन सांगायला लागला की देवदूत भेटले. दारू सोडा, चेटूक सोडा, वशीकरण आणि गर्भपाताची औषधं सोडा, केलेलं पाप कबूल करा. वॉलेस त्याला संत करत नाही हे मला जाम आवडलं. हाच माणूस विरोधक सेनेका सरदार रेड जॅकेटवर चेटकाचा आरोप करतो, आणि 1802 मध्ये वॉशिंग्टन शहरात जाऊन राष्ट्राध्यक्ष जेफरसनची शाबासकीपण मिळवतो.

नंतरच्या उपदेशात तो पुरुषांना नांगर धरायला सांगतो, शेती तोवर बायकांची होती, आणि नवरा-बायकोच्या संसारात बायकोच्या आईने लुडबुड करू नये म्हणतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी 1798 पासून हेच शिकवायला तिथे बसली होती. म्हणजे दारू सुटली, घरं उभी राहिली, पण त्याची किंमत बायकांच्या अधिकाराने चुकवली, आणि माझी तक्रार ही की वॉलेस हे सांगतो खरं पण त्यावर थांबत नाही, पुनरुज्जीवनाच्या उत्साहात पुढे सरकतो. जुने सण मात्र हँडसम लेकने ठेवले, वैदूंच्या गुप्त मंडळ्या बंद करा म्हणाला तर लोकांनी ऐकलं नाही. 1815 मध्ये तो वारला, त्याचा उपदेश आजही लाँगहाऊसमध्ये, म्हणजे त्यांच्या लांबट सभागृहात, तोंडपाठ म्हटला जातो, तोही दिवसचे दिवस.

पुस्तकाबाहेरचं एक, जिथे हे सगळं घडलं ती कॉर्नप्लांटरची जमीन 1965 च्या किन्झुआ धरणात जवळजवळ सगळी बुडाली, सेनेकांच्या जमिनीला हात लावणार नाही असं वचन देणारा 1794 चा करार धाब्यावर बसवून. गोव्यातल्या साळावली धरणात आपलं कुर्डी गाव गेलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

इंग्रजी सोपं आहे, पण वॉलेस मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे मधूनमधून मानसशास्त्राची लेक्चरं सुरू होतात. आणि लिहिणारा बाहेरचा, तोही पन्नासेक वर्षांपूर्वीचा, हे डोक्यात ठेवून वाचा. अमेरिकेचा इतिहास फक्त फिल्ममधून माहीत असेल तर नक्की घ्या, चटपटीत गोष्ट हवी असेल तर नको. विकत घ्यायच्या आधी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा, आणि ऑनलाइनच मागवणार असाल तर चवथ होऊन पाऊस ओसरल्यावर मागवा.