‘सरावालाच तर पाहिजे ना, सर?’

परवा रात्री मोबाइलवर तो हिरवा ड्रॅगन पुन्हा दिसला. तसाच आ वासलेला, डाव्या पंखावर तीच जांभळट झाक, मागे तोच काळा पडदा. रंगवायच्या छोट्या आकृत्या विकणाऱ्या त्या पेजचं नाव तेवढं बदललंय आणि किंमत दीडशेने उतरवलीय. मार्च-एप्रिलमध्ये याच फोटोच्या नादाने माझे ५,४०० रुपये गेले. कला शिकवणारा माणूस फोटोला भुलला ही लाज मोठी, म्हणून आजवर गप्प होतो. पण पेज पुन्हा उघडलंय म्हणजे गिऱ्हाईकंही पुन्हा लागणार.

मी चाळीसगावचा, शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला मुलं बसवायची, सव्वीस जानेवारीला फळा रंगवायचा, गॅदरिंगला पडदे, असं माझं वर्ष जातं. दिवाळीत पुण्याचा भाचा आला तो एक डबी घेऊन. आत अंगठ्याएवढी माणसं. एक कुऱ्हाडवाला बुटका, एक लांब दाढीचा जादूगार, दोन सांगाडे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ १९७४ पासून चालत आलाय, तो मित्रांबरोबर खेळतो, त्याच्या या सोंगट्या. साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीच्या. कोऱ्या घ्यायच्या आणि रंग आपण द्यायचा. “मामा, तुम्ही एक रंगवा ना,” म्हणाला. वीस वर्षं हातात ब्रश आहे, पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडावर डोळा काढताना श्वास रोखून धरावा लागला. हात कापला, जादूगार तिरळा झाला. मला मात्र वेड लागलं.

टेबलावर मांडून खेळायच्या अशा खेळांना ‘टेबलटॉप’ म्हणतात. तसा हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. कलामहर्षी केकी मूस इथलेच. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून ते देखावा रचायचे आणि त्याचा फोटो असा काढायचे की तो खराच वाटावा. स्टेशनजवळच्या त्यांच्या कलादालनात मी दरवर्षी वर्ग घेऊन जातो आणि मुलांना सांगतो, बघा, कॅमेऱ्याला लहान-मोठं कळत नाही, बघणाऱ्याला जे दाखवाल ते दिसतं. हे मी सांगतो. स्वतःच्या मोबाइलवर बघताना आठवलं नाही, ते सोडा.

मे महिन्यात बारा मुलांचा छोटा वर्ग घ्यायचं ठरवलं. नावाजलेल्या कंपन्यांची एकेक आकृती शेकड्यांत जाते, ड्रॅगनसारखं मोठं काही असेल तर हजारांत. पहिल्यांदा ब्रश धरणाऱ्या पोराच्या हातात ते कोण देईल? म्हणून ‘नवशिक्यांसाठी स्वस्त’ असं शोधत बसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पेज आपणहून समोर यायला लागलं. चाळीस आकृत्यांचा सराव संच, वर हा ड्रॅगन, १,६५० रुपये. कुरिअरचे १५०. एकूण १,८००, म्हणजे बारा मुलांकडून दीडशे-दीडशे. हिशेब इतका नीट बसला की मला तो शुभशकुन वाटला.

व्हॉट्सॲपवर विचारलं, उंची किती? “टेबलटॉप साइज, सर.” मिलिमीटरमध्ये सांगा. “सगळ्या गेमला चालते, सर.” एखाद्या नाण्याशेजारी ठेवून फोटो पाठवता का? “माल पॅक झालाय, सर. आणि सरावालाच तर पाहिजे ना?” तिथे मी विरघळलो. वाटलं, खरंच, आपण कुठे प्रदर्शनाला लावणार आहोत? घासाघीस करणं बरं दिसत नाही. घरपोच आल्यावर पैसे देतो म्हटलं, तर या किमतीत ते परवडत नाही म्हणाला. पैसे गेले एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर, पेजचं नाव वेगळंच. “बहिणीचं खातं आहे, सर.”

पार्सल आलं, हे कबूल करायला हवं. काहीच आलं नसतं तर मी लवकर शहाणा झालो असतो. खोका उघडला तोच उग्र, नाकात चढणारा वास आला. आकृत्या एकमेकींना चिकटलेल्या, बोट लावलं की बोटालाही चिकटतात. मोजल्या, एकतीस भरल्या. त्यातल्या निम्म्या जेमतेम पंधरा मिलिमीटरच्या, तोंडाच्या जागी नुसता गोळा. तलवारी मोडलेल्या. ड्रॅगन होता, पण फोटोतल्या खवल्यांच्या जागी आडव्या रेघांच्या पायऱ्या. पंखाच्या कडेला बोट फिरवलं तर कंगव्यावर फिरवल्यासारखं लागलं. आईने चष्मा लावून पाहिलं आणि आमच्या अहिराणीत विचारलं, “कितलाले पडनं हाई?” मी आकडा निम्मा सांगितला.

भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो आधी ओरडलाच, “मामा, हात धुवा!” या आकृत्या त्रिमितीय प्रिंटरवर छापलेल्या. त्यातल्या एका प्रकारच्या प्रिंटरमध्ये द्रव रेझिन वापरतात, अतिनील प्रकाशाने ते थराथराने घट्ट होतं. छापून झालं की आकृती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची आणि पुन्हा प्रकाशात ठेवून पक्की करायची. या माणसाने दोन्ही कामं वाचवली होती. असं कच्चं रेझिन त्वचेला बाधतं, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावायचा नाही. माझ्या बोटांच्या बेचक्यात दुसऱ्या दिवशी लाल पुरळ उठलं ते आठवडाभर राहिलं. खोका मी घरी न उघडता थेट वर्गात उघडला असता तर बारा पोरांचे चोवीस हात त्यात गेले असते. पैशाचं दुःख आता ओसरलंय, पण हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मग आमच्यातला खानदेशी जागा झाला. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे! मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून अल्कोहोलची बाटली आणली, हातमोजे घालून सगळं धुतलं आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ताटात मांडलं. दोन दिवसांत चिकटपणा गेला. ड्रॅगनला मी कौतुकाने प्राइमरही, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हातही, मारला. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर पोटाला उभी चीर आणि खालच्या वर्तमानपत्रावर चिकट, पिवळट ओघळ. आकृती आतून पोकळ होती आणि आतलं द्रव काढून टाकायला भोकच ठेवलेलं नव्हतं. वरचं कवच पक्कं झालं, आतलं कच्चंच राहिलं आणि शेवटी त्याने पोट फाडलं.

इथे थांबलो असतो तर १,८०० वर निभावलं असतं. पण मी चिडून लांबलचक मेसेज लिहिला. लगेच फोन आला, आवाज एकदम नम्र. “सर, खरं तर सरावालाच होतं, पण तुम्ही शिक्षक आहात, तुमचे पैसे ठेवणार नाही. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, रक्कम जमा होईल.” परीक्षेचे दिवस. दोन पेपरांच्या मधल्या वेळात मी स्टाफरूममध्ये, एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. स्क्रीनवर १,८०० दिसलं. तेवढेच तर परत यायचे होते! पिन टाकला. पैसे गेले. “सर्व्हर अडकलाय सर, पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून येतील.” मी पुन्हा केलं. होय, पुन्हा. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात आणि पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे बँकेच्या भिंतीवर मी स्वतः पोस्टर रंगवून दिलंय. पण तो आवाज ‘सर, सर’ करत होता, पुढच्या पेपरची घंटा वाजत होती, आणि मला वाटत होतं की मी जिंकतोय.

दोन दिवस कुणाला बोललो नाही. सगळ्यांत मोठी चूक हीच. अशा वेळी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकायची. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळवलं तर ते रोखता येण्याची शक्यता असते. मी केला तिसऱ्या दिवशी. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाही. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा. माझ्याशी बोललेले अर्धे मेसेज त्या माणसाने त्याच संध्याकाळी पुसून टाकले होते.

ग्राहक म्हणूनही तक्रार करता येते, त्यासाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. पण नोटीस धाडायची कोणत्या पत्त्यावर? ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणारा माणूस दाखवावा असं २०२० चे नियम सांगतात. या पेजवर त्यातलं काहीही नव्हतं, आणि ते बघण्याऐवजी मी पंखावरची जांभळी झाक बघत बसलो होतो. भाच्याने नंतर तो फोटो गुगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून मूळ फोटो शोधणाऱ्या ॲपमध्ये, टाकला. परदेशातल्या कुणा रंगवणाऱ्याचं काम निघालं, तिथून उचललेलं. अर्धा मिनिटही लागला नाही.

वर्ग मात्र झाला. मुलांचे दीडशे परत केले आणि आठवडी बाजारातून प्लॅस्टिकचे सैनिक आणि जनावरांची पाकिटं आणली. हे सैनिक मऊ प्लॅस्टिकचे, नुसता रंग दिला तर बंदुकीची नळी वाकताच पोपडा निघतो. साबणाच्या पाण्याने धुवायचे, साच्याची रेघ ब्लेडने हलकेच खरवडायची (ब्लेड माझ्या हातात, मुलांच्या नाही), पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक पातळ हात द्यायचा आणि मग ॲक्रिलिक. रंगसुद्धा पातळच, दोन-तीन हात. मे महिन्यात आपल्याकडे रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. पोळ्याला कुंभाराकडे मातीचे बैल येतील. डोळा काढायचा सराव त्यांच्यावर झकास होतो, चुकला तर पुसून पुन्हा काढता येतो. खरी, चांगल्या प्लॅस्टिकची एकच आकृती मी पुण्यातल्या दुकानातून भाच्याकरवी मागवली, हातात घेऊन, उंची मोजून. ती वर्गात सगळ्यांनी मिळून रंगवली. बुटक्याची कुऱ्हाड तीन रंगांची झालीय.

फुटलेला ड्रॅगन दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवलाय. आई दर आठवड्याला विचारते, “हाई भूत घरमा काब ठेवस रे?” तिला सांगितलंय, तक्रार अजून उघडी आहे, पुरावा आहे तो. गेल्या रविवारी तिने त्याच्यावर एक लिंबू ठेवलेलं दिसलं.